बारशाला निघालेली आत्या आणि बंदरावरची रांग

बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. आमच्या घरी आत्या, म्हणजे मी, हाउन्सलोला राहते आणि माझा तीन आठवड्यांचा भाचा फ्रान्समध्ये, लीलला. विमानानं जाणं सोपं होतं. पण माझ्या लेकीच्या वेळी पुण्याहून मागवलेला सागवानी पाळणा मला घेऊन जायचा होता. म्हणून नवऱ्यानं, मंदारनं, तो सुटा करून गाडीच्या डिकीत भरला आणि आम्ही बोटीचं तिकीट काढलं.

फ्रान्समध्ये जन्मानंतर काही दिवसांतच बाळाचं नाव नोंदवावं लागतं. त्यामुळे माझ्या भावाला, निखिलला, मी नाव फोनवर आधीच सांगितलं होतं आणि ते कागदोपत्री लागलंही होतं. पण मी बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कुणीही तोंडातून काढायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. बारसं शनिवारी दुपारी चारला, तिकडच्या वेळेनं. हॉल सहापर्यंतच मिळाला होता.

पहाटे पाचला निघालो. रस्ता रिकामा, मंदार खुशीत, मांडीवर घुगऱ्यांचा डबा. साडेसातला बंदराच्या अलीकडच्या गोल चौकात पोहोचलो आणि तिथेच रांगेत अडकलो. बंदराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची बोट साडेनऊची होती. दोन तास आधी या, असं तिकिटावर छापलेलं, आणि आम्ही बरोब्बर दोन तास आधी आलो होतो.

इथून फ्रान्सला जाताना फ्रेंच अधिकारी इंग्लंडच्याच किनाऱ्यावर पासपोर्ट तपासतात. तपासोत बापडे. पण खिडक्यांची लांबलचक ओळ आणि त्यातल्या उघड्या किती, तर मला दिसल्या तीन. बाकीच्यांचे पडदे ओढलेले. शनिवार, सुट्टीचे दिवस, इतक्या गाड्या येणार हे बोट कंपनीला माहीत नव्हतं? तिकिटं त्यांनीच विकली ना? पिवळं जाकीट घातलेला एक माणूस दर तासाला यायचा आणि आता फार वेळ नाही म्हणून सांगायचा. चौथ्यांदा आला तेव्हा मी त्याला माझं घड्याळ दाखवलं. तो हसला, त्याचाही मला राग आला.

साडेनऊची बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या बोटीत त्याच तिकिटावर जागा मिळते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. टाकी भरून घ्या, पाणी जास्त घ्या, आणि स्वच्छतागृह दिसलं की लगेच जाऊन या, कारण नंतर दोन तास दिसत नाही. खाण्याचं म्हणाल तर बारशाच्या घुगऱ्या आम्ही रांगेत बसून खाल्ल्या. बाळाआधी आत्यानं खाव्यात, याची मला लाज वाटली. मंदार मात्र शांत. क्यू म्हटलं की वेळ लागणारच, म्हणाला. गेल्या वर्षी ब्रिटिश पासपोर्ट मिळाल्यापासून त्याला रांगेचं फार कौतुक.

एक वाजता आमची खिडकी आली. युरोपच्या नव्या नियमाप्रमाणे मंदारच्या बोटांचे ठसे आणि फोटो झाले. माझ्या भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा आणि निखिलचं निमंत्रणाचं पत्र अधिकाऱ्यानं नीट वाचलं. कुणाकडे जाताय, कशासाठी, असं विचारलं. भाच्याचं नाव ठेवायला, मी सांगितलं.

"नाव काय त्याचं?"

"अजून ठेवलेलं नाही."

त्यानं पत्रावर बोट ठेवलं. "इथे तर लिहिलंय."

"अगं, सांगून टाक ना," मंदार कुजबुजला.

"नाही सांगणार. साडेपाच तास बसवलंय यांनी मला. बाळाआधी यांना नाव ऐकवू?"

झालं. गाडी बाजूला घ्यायला लावली. पाळण्याच्या फळ्या एकेक करून बाहेर काढून पाहिल्या. चाळीस मिनिटांनी एक अधिकारी बाई आल्या, त्यांना मी सगळं समजावलं. आधी त्याच्या कानात सांगायचंय का, एवढंच त्यांनी विचारलं आणि शिक्का मारला. सहा तासांत माझं कुणी ऐकून घेतलं ते एवढंच.

अडीचची बोट मिळाली. लीलला पोहोचलो तेव्हा तिकडचे साडेसहा वाजले होते. हॉल परत केलेला, पाहुणे जेवून गेलेले. निखिलच्या फ्लॅटमध्ये भावजय केतकी सकाळपासून नेसलेल्या जड साडीत भिंतीला टेकून बसली होती आणि बाळ कपड्यांच्या टोपलीत झोपलं होतं. केतकीची आई दुपारीच म्हणाली होती, मीच सांगते नाव, लोक खोळंबलेत. केतकीनं ऐकलं नव्हतं.

ती मला म्हणाली, "ताई, दिवसभर त्याला नुसतं ए म्हणतोय. आता सांगा."

मंदार आणि निखिलनं पाळणा जोडला. साडेसातला मी वाकून भाच्याच्या कानात नाव सांगितलं आणि मला रडू आलं. थोडं आनंदाचं, बरंचसं संतापाचं.

घरी परतून आठवडा झाला. राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. काल बोट कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म भरला. काय नुकसान झालं, या रकान्यात लिहिलं की एका बाळाला नाव मिळायला साडेतीन तास उशीर झाला. मग माझ्या हट्टाची चाळीस मिनिटं प्रामाणिकपणे वजा केली. खाली रकाना होता, त्रास झालेल्या प्रवाशाचं नाव. मंदार म्हणाला, तुझं लिही.

मी लिहिलं, ईशान.