हत्तीला शिंक आली तेव्हा

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि माझा उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवरच, पण सांगितलेलं ऐकत नव्हता. जन्मभर मी लहान मुलांसाठी गाणी लिहिली, त्यांची चित्रंही मीच काढली. माझी रीत उलटी, आधी चित्र आणि मग गाणं. खारीचं शेपूट कागदावर उमटलं की तिला काय म्हणायचंय ते मला ऐकू येई. ठाण्याच्या शाळेत चित्रकला शिकवताना फळ्यावर हे सुरू झालं आणि पुढे त्याचीच पुस्तकं झाली. त्यामुळे हात गेला तशी गाणीही गेली. व्यायामाने चमचा धरता येऊ लागला, पण रेष काही येईना. मी ह्यांना सांगून टाकलं, "रंग, ब्रश, सगळं कुणाला तरी देऊन टाका."

नवरात्र आलं. दरवर्षी आम्ही टेंभी नाक्याच्या देवीला जातो. या वेळी मी साफ नाही म्हटलं. "जिने हात नेला तिच्यापुढे हात जोडू? आणि जोडू कसे, एका हाताने?" हे बिचारे एकटेच जाऊन आले. माझी जीभ मात्र त्या झटक्यातून शाबूत सुटली होती.

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत दोन्ही विंग मिळून भोंडला करतात. पाटावर रांगोळीने हत्ती काढायचा, तो मधोमध ठेवायचा आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. हत्तीचा मान इतकी वर्षं माझा. यंदा मी खुर्चीत बसून राहिले आणि मला वाईट वाटेल म्हणून दुसरं कुणी पाटाला हात लावेना. तो कोरा पाट बघून मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात एक बाई पुढे आली. चाळिशीची, हिरव्या सुती साडीतली, ओळखीची नव्हे. तिने पाट माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवला, माझ्या उजव्या चिमटीत रांगोळी दिली आणि मनगट आपल्या हातात घेतलं.

"अहो, मला नाही जमत आता," मी तुसडेपणाने म्हटलं.

"नका ना जमवू. नुसती रांगोळी सोडा. हात मी धरलाय."

माझ्या चित्राला कुणी बोट लावलेलं मला खपत नाही. पण त्या दिवशी मी थकले होते. हात ढिला सोडला. पाठ आली, पोट आलं, आणि सोंडेपाशी मनगट असं थरथरलं की सोंड वर उडून वेडीवाकडी पसरली. मी ओशाळले. इतक्यात एक चिमुरडी ओरडली, "अय्या, हत्तीला शिंक येतेय!" पोरी खिदळल्या. आणि कितीतरी महिन्यांनी मला हत्तीचं म्हणणं ऐकू आलं. मी तिथेच म्हणू लागले,

"हत्तीला येते शिंक, पळा पळा पळा,
शिंक काही येईना, खवखवतो गळा!"

पोरींनी त्यावरच फेर धरला. मी हसत होते आणि डोळे वाहत होते.

खिरापत वाटताना त्या बाईला शोधलं तर ती गेलेली. ए विंगच्या बायकांना वाटलं, बी विंगची पाहुणी. बी विंगला वाटलं, एची. नाव कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. असेल कुणाची तरी पाहुणी.

पूर्वी माझे प्राणी कसे ताठ उभे असायचे, आणि मलाही त्या रेषेचा ताठा होता. आता रेष थरथरते, म्हणून सगळे प्राणी हलतात, आणि पोरांना तेच आवडतात. रोज सकाळी कागद पुढ्यात घेते, मनगट ढिलं सोडते आणि म्हणते, "धर गं बाई."