बुधवारचा तोडगा

वाशीत आम्ही राहायला आलो ते ऐंशीच्या आसपास. करमणूक म्हणाल तर शेजारी. तळमजल्यावर वसईचं कॅथलिक कुटुंब, आमच्या डोक्यावर केरळचं ऑर्थोडॉक्स. खालची मुलगी आणि वरचा मुलगा यांचं जमलं, आणि दोन्ही घरांनी कुरकुरत का होईना, ते मान्य केलं. मुलगा आखातात नोकरीला. सुट्टी संपवून गुरुवारी त्याचं विमान, पुढची सुट्टी दोन वर्षांनी. हॉलवाल्याकडे त्याआधीची एकच तारीख उरली होती, मंगळवार.

तिथेच माशी शिंकली. ईस्टरआधीचा मोठा उपास खालच्यांचा बुधवारी लागणार, वरच्यांचा सोमवारीच. उपासात लग्न नाही, एवढ्यापुरतं मात्र दोघांचं एकमत.

"मंगळवारी तर आमी शेवटचं मटण खातो," खालच्या बाई म्हणाल्या.

"हमारा पचास दिन का उपास. तुमचा चाळीस," वरच्या आंटींनी ऐकवलं. स्वर्गात ज्येष्ठता यादी लागणार असावी तसा तो आकडा त्यांनी टाकला.

येशू एक, ईस्टरचा रविवारही एक, आणि भांडण दोन दिवसांचं! हे ऐकून आमचे सासरे भलतेच खुलले. एकादशी स्मार्त धरायची की भागवत, यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला हा माणूस. पंचांग कळतं म्हणून शनिवारी त्यांनाच पंच नेमलं. बैठक आमच्याच घरात. मामंजींनी चष्मा चढवला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि निकाल दिला.

"दोन एकादश्या आल्या की दुसरी धरावी. बुधवार करा."



"आजोबा," खालच्या बाई हळूच म्हणाल्या, "बुधवारी आमी कपाळाला राख लावतो. दिवसभर उपास."

"मग बरंच की. सगळे घरीच असतील."

मला हसू आवरेना. पुन्हा चाळीस विरुद्ध पन्नास सुरू झालं. रविवारीही तेच. आंटींनी केरळच्या धर्मगुरूंना तार करायची ठरवली. खालच्या बाईंनी, तार आली तरी वाचणार नाही, असं आधीच जाहीर केलं. मुलगी कोपऱ्यात बसून होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खारीची बशी पुढे केली.

सोमवारी सकाळी ती दारात उभी. "वहिनी, ठाण्याला येता? एक सही हवी."

विवाह नोंदणी कचेरीत मुलगा दोन मित्रांना घेऊन थांबला होता. तिसरी साक्षीदार मी. साहेबांनी शिक्के मारले, आम्ही सह्या केल्या, पंधरा मिनिटांत लग्न लागलं. बाहेर आल्यावर मला आठवलं, की इथे नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते.

"दिली होती," ती म्हणाली. "हा आला त्याच आठवड्यात."

"पण तेव्हा तर सगळं गोडीत चाललं होतं. तारखेचा विषयही नव्हता."

"तुमी सगळे भांडणार, हे आमाला ठाऊक होतं. आमाला एक दिवस हवा होता, वहिनी. तुमच्यापैकी कुणी एकाने तरी विचारायचं होतं, तुमचा कुठला म्हणून."

मला लाज वाटली. दोन दिवस तिच्यासमोर बसून मी हसत होते.