तोंड जमिनीकडे

आमच्या शेजारच्या मिल्ट्रीवाल्या काकांना निवृत्त होऊन जमाना झाला, पण कुठलीही लांब वस्तू हातात आली की ते तिचं तोंड आधी जमिनीकडे करतात. छत्री असो, नाहीतर कलमांना पाणी घालायचा पाईप. "माणसाकडे तोंड नको कधी," एवढंच म्हणतात.

परवा मी त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा छोट्या देशाच्या सैन्याने नव्या रायफली घेतल्या. सांगाडा सगळ्यांचा एकच, नळी तेवढी कामाप्रमाणे आखूड-लांब बदलायची. काका हरखलेच. "डोकं आहे रे त्या लोकांना!" संध्याकाळपर्यंत त्यांच्या बांबूच्या काठीला बदलायची तीन तोंडं तयार: नारळाला कोयती, कोळिष्टकांना झाडू आणि आंब्यांना जाळीचा झेला.

मला अंगणात उभं करून त्यांनी झेला चढवला. पाडाचा पहिला हापूस, जो ते एरवी कुणाला दाखवतसुद्धा नाहीत, अलगद उतरवला आणि "घे, धर" म्हणत काठी माझ्याकडे वळवली. वळवताना सवयीने तोंड जमिनीकडे. आंबा धप्पकन चिऱ्यांवर आपटून फुटला. मी खो खो हसत सुटलो.

"हसतोस काय मेल्या?" काका माझ्या पायांकडे बघत म्हणाले. "तुला लागला नाही ना? मग बरोबर जागी पडला."