कासारआप्पा आणि अर्धी घरं

“हात ढिला सोड, आक्का.”

निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका हे वाक्य ऐकतच लहानाच्या मोठ्या झाल्या. कासारआप्पा बाईचा पंजा आपल्या पंजात घ्यायचे, अंगठ्याचं पेर आत दाबायचे आणि भलतीकडेच, बहुधा गोठ्याकडे, बघत हे म्हणायचे. तोवर काकण मनगटात गेलेलं असायचं.

सवय इतकी जडली होती की चिखलात रुतलेल्या गाडीच्या बैलांना झोडपणाऱ्या माणसालाही त्यांनी त्याच सुरात “हात ढिला सोड, आण्णा” म्हटलेलं मी ऐकलं आहे. मी शाळामास्तर. आमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची, कोगनोळीच्या अलीकडच्या एका खेड्यात. एकदा मी एका पोराला छडी देत होतो, तर दारावरून जाता जाता ते मलाही तेच सांगून गेले. पोरं हसली. मग मारण्यात काही अर्थ राहिला नाही.

तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतंत तर मागं वळून बघितलं नसतं. बेताची उंची, डोक्याला मळका रुमाल, खांद्यावर दोरीत ओवलेल्या काकणांच्या माळा. जैन होते, दिवस मावळायच्या आत जेवायचे, म्हणून ऊन कललं की निपाणीला परतायची घाई. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. दोन्ही भाषांत कमीच बोलायचे.

पहिलं महायुद्ध संपत आलं त्या साली मानमोडीची साथ आली. ताप, खोकला, आणि माणसानं मान टाकली की संपलं. म्हातारी माणसं बरीच वाचली; गेली ती तरणी. माझी बायको गरोदर होती. सकाळी तिनं भाकरी केल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नव्हती. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. माझी मुलगी हौसा नुकती स्पष्ट बोलायला लागली होती. ती रडली की तिला कडेवर घेऊन मी अंगणात फिरायचो. मला स्वतःला रडू आलं नाही. गावातही फारसं कुणी रडत नव्हतं. सरणाला लाकूड कुठून आणायचं, एवढंच बोलणं चालायचं.

संक्रांतीला कासारआप्पा आले. एरवी त्यांची चाहूल लागली की बायका हातातली सुपं ठेवून बाहेर यायच्या. त्या दिवशी ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि एकही दार उघडलं नाही. कुठल्या घरात बाईला काकणं घालायची सोय उरली नव्हती, कुठल्या घरात बाईच उरली नव्हती. ज्यांचे नवरे जिवंत होते त्यांनाही शेजारणीच्या देखत हात पुढं करवेना. ते परत येऊन देवळाच्या पायरीवर बसले. त्यांची बायको आणि लग्नाची लेक, दोघी गेल्याचं त्यांनी मला तिथं सांगितलं. आमच्या विहिरीला पाणी किती आहे, हे विचारावं तशा आवाजात. मग पाणी प्याले आणि माळा उचलून गेले.

काकणांचा धंदा बसला. पण त्यांचं फिरणं थांबलं नाही. घरोघरी जाणारा माणूस. कुठं काय उरलंय हे त्यांना दिसत होतं. एका गावात बैलजोडी होती आणि हाकणारा नव्हता. दुसऱ्या गावात हाकणारा होता, पण तीन पोरं चुलीभोवती उपाशी बसलेली. कासारआप्पा पहिल्या घरी जाऊन दुसऱ्या घराचं बोलायचे, दुसऱ्या घरी पहिल्याचं. बोलून झालं की अंगणातच बसून राहायचे. लोक चिडले. वर्षश्राद्धसुद्धा झालं नाही आणि हा विधवांचे पाट लावायला निघाला, असं तोंडावर बोलले. एका म्हाताऱ्यानं त्यांना अंगणातून उठवलं. ते उठले, रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसले. ऊन उतरल्यावर त्याच म्हाताऱ्यानं त्यांना परत बोलावलं.

आमच्यात विधवेचा पाट लागायचा, पण कसा, तर दिवेलागणीला, वाजंत्रीशिवाय, चार माणसांत, काही चोरल्यासारखा. कासारआप्पा मात्र हिरवी काकणं घेऊन हजर असायचे. त्याचं काही घ्यायचे नाहीत.

माझ्याकडे आले तेव्हा मी नाही म्हणालो. पुन्हा आले तेव्हाही. मग एकदा त्यांनी हौसाकडे बघितलं. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. मला विंचरता यायचं नाही. मीच म्हणालो, “कुठलं घर आहे?”

चिकोडीच्या बाजूचं गाव होतं. बाईचा नवरा गेला होता, दोन्ही मुलं गेली होती. दीरही गेला होता. उरले होते म्हातारे सासूसासरे आणि ती. सासऱ्यानंच कासारआप्पांकडे शब्द टाकला होता. आम्ही दोघं गेलो, मी ओसरीवर बसलो. म्हातारा म्हणाला, “हिला ठिवली तर आमच्या संगं हीबी झिजून मरंल. न्या.” म्हातारी आतून बाहेर आली नाही.

बाई दाराआड उभी होती. तिनं मला एकच विचारलं, “पोरगी कुणाजवळ निजती?”

“माझ्याजवळ.”

“झोपंत दचकती?”

मी होय म्हणालो. ती आत गेली. तो होकार होता, हे मला कासारआप्पांनी सांगितलं.

पाट लागला त्या दिवशी तिचा हात लाकडासारखा ताठ होता. कासारआप्पांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, पण काकण पिचलं. दुसरंही पिचलं. त्यांनी घाई केली नाही. तिचा पंजा नुसता धरून बसले, त्याला ऊब येईपर्यंत.

निघायची वेळ झाली. गाडी जुंपली होती. ती गाडीत बसली, पण म्हातारा जुवाला हात लावून उभा होता आणि हात काढत नव्हता. काढ म्हणायचा धीर कुणाला होईना. कासारआप्पा घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जात्याची वरची तळी होती. ती गाडीत ठेवून ते खालची आणायला परत गेले. मग बाहेर येऊन मला म्हणाले, “मास्तर, म्हातारी एकटी कुणासाठी दळंल? तिलाबी बसवा. ह्यास्नीबी.”

बायकोच्या पहिल्या नवऱ्याचे आईबाप घरात आणायचे, असं कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानं विचार केला असता. मला त्या काळात विचारच येत नव्हते. मी म्हणालो, “बसू द्या.”

गाव वर्षभर हसलं. मास्तरानं बायको आणली आणि आंदण म्हणून सासूसासरे आणले, असं म्हणायचे. हौसा मात्र आठवड्यातच म्हाताऱ्याला आज्जा म्हणायला लागली. तिला निजवताना बायको कानडी गाणं म्हणायची. आपल्या मुलांनाही तेच म्हणत असणार. मी कधी विचारलं नाही. एकदा जात्यावर बसलेली म्हातारी मोठ्यानं रडली, घरातलं पहिलं रडणं ते. कुणी तिला गप्प केलं नाही. दळण संपेपर्यंत ती रडली.

पुढच्या साली गावात एकही पाळणा बांधला गेला नाही. ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते पाच-सहा वर्षांनी, पहिलीच्या वर्गात बसायला पोरंच आली नाहीत तेव्हा. देवळाचा तो कोपरा वर्षभर रिकामा राहिला. त्यानंतरच्या वर्षी मात्र पोरं आली, आणि मी नावं घालू लागलो तेव्हा निम्म्यांचे आईबाप कासारआप्पांनी जोडलेले निघाले. त्यात माझाही मुलगा होता.

मग मळ्याच्या जमिनींतही तंबाखू आली. निपाणीत वखारी उठल्या, व्यापारी आले, कामाला परगावच्या बायका आल्या. आमच्या गावात ज्या घरांना कुलपं होती तिथं अनोळखी माणसं राहायला लागली. गावाला आता दोन मास्तर लागत होते. वखारीतल्या बायका स्वतःच्या कमाईनं काकणं घ्यायच्या, आणि कासारआप्पांना फिरायचीही गरज उरली नाही. पण संक्रांतीला ते आमच्याकडे यायचेच.

एकदा जेवताना माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, सगळ्यांची घरं बसवलीत, स्वतःचं का नाही बसवलं?

त्यांनी घास गिळला. “मला कुणी इचारलं न्हाय, आक्का.”

रागानं म्हणाले नाहीत. विचारलं ते सांगितलं, एवढंच. बायको वाढायचं विसरून तशीच बसली. आम्ही सगळ्यांनी त्यांना येताना बघितलं होतं, जाताना बघितलं होतं. मग तिनं खरोखरच शोध घेतला, एका विधवेचं नावही काढलं. कासारआप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता केस पिकले. बाईचं कपाळ परत पांढरं करून ठेवायचं का मी?

दुसरं महायुद्ध संपलं त्यानंतरच्या संक्रांतीला ते आले नाहीत. बायकोनं मला निपाणीला पाठवलं. त्यांच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं की नजर गेली तेव्हा बेळगावहून बहीण येऊन त्यांना घेऊन गेली, तिथल्या अनगोळला. मी सर्व्हिस मोटारीनं बेळगाव गाठलं. विचारत विचारत घर सापडलं. बहीण थकलेली होती. ते पावसाळ्यातच गेले होते. निजले ते उठले नाहीत, म्हणाली.

मी उठायला लागलो तेव्हा तिनं विचारलं, “तुमी कोण त्यांचे?”

 मी म्हणालो, “आमच्या घरी यायचे.” तिनं मान हलवली आणि मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

घरी पोचलो तर जेवणाची तयारी चालली होती. हौसा बाळंतपणाला आली होती, मुलगा आणि सून होते, नातवंडं होती, म्हाताऱ्याच्या भावकीतली दोन माणसं वखारीत काम बघायला येऊन राहिली होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती पुन्हा तव्याकडे वळली. पाट मांडून झाले होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत. माझ्यापुरती जागा उरली नव्हती. सरा रे, असं कुणीतरी पोरांना म्हणालं, पण सरकायला वाव नव्हता. मी म्हणालो, राहू द्या, आणि दारात उभा राहून त्यांना जेवताना बघत राहिलो.