दुसरी तार आणि आत्याचं अर्धं दुकान

माझ्या नणंदेला डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही, उजव्यानं अर्धंमुर्धं. लहानपणी तापात गेलं ते गेलं. ‘माझं अर्धं दुकान कायमचं बंद,’ असं ती स्वतःच सांगून टाकते, म्हणजे समोरच्याला हळहळायला जागा राहत नाही. चष्म्याच्या दुकानात ती लागली पावत्या फाडायला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराचे हात कापायला लागले, तशी हळूहळू त्याच्या खुर्चीवर सरकली. आता दांड्या बसवणं, स्क्रू बदलणं सगळं तिच्याकडे. मालक कटकट करायला लागला की ती डावा कान त्याच्या बाजूला करून बसते.

सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे येते आणि चहा होईपर्यंत घरात काय सैल झालंय ते शोधते. कपाटाची मूठ, कढईचा कान, माझ्या चष्म्याची दांडी. मी म्हणते, ताई, जरा टेका. ती टेकते, पण खुर्ची डुगडुगते का ते बघायला.

परवा ती आली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीनं गिटार सोडायचं ठरवलं होतं. तारा लावून गाणं सुरू केलं की अर्ध्यातच बेसूर होतं, क्लासमधली मुलं एकमेकांकडे बघतात, सर म्हणतात कान अजून तयार नाही. तिनं त्याचा अर्थ लावला की आपल्याला कानच नाही. सरांना फोन करून नाव काढून टाक, असं मला बजावलं होतं. पोहणं असंच सुटलं, चित्रकला सुटली. या वयात ‘मला जमत नाही’ची सवय लागली तर पुढे काय, या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. फोन मात्र आज करते, उद्या करते म्हणत मी ढकलत होते.

आत्यानं आमच्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं. मग गिटारच्या डोक्यावर, खुंट्यांपाशी, बोटं टेकवली आणि भाचीला तारा छेडायला सांगितल्या.

“इथं काहीतरी थरथरतंय. पण सहांतलं कुठलं, ते बोटांना कळेना. तू सांग.”

“मी? आत्या, मला कान नाही, सांगितलं ना.”

“माझ्यापेक्षा दीड जास्त आहे. सांग.”

लेकीनं एकेक तार वाजवली. चौथीपाशी थांबली, म्हणाली, हिच्यामागे माशी गुणगुणल्यासारखं येतंय. आत्यानं तार ढिली केली. खुंटी लाकडाबाहेर येते तिथला नट नुसत्या बोटानं फिरला. तो छोट्या पान्यानं आवळताना मी बॅटरी धरून उभी. हात हलतोय म्हणून टोमणा खाल्ला, तरी घट्ट करा, चांगलं घट्ट करा, हे माझं चालूच. तिनं मात्र शेवटचं अर्धं वळण सोडून दिलं. फार आवळलं तर लाकूड चिरतं, म्हणाली.

तार परत लावली. माशी गेली. माझा जीव भांड्यात पडला, पण लेक गिटारला कान लावून तशीच बसून होती.

“दुसरी उतरतेय,” ती म्हणाली. “आत्ता लावली होती.”

मला काडीचा फरक कळला नाही. आत्याला कळायचा प्रश्नच नव्हता. तरी तिनं गिटार पालथी घातली आणि दुसऱ्या तारेच्या खुंटीचा मागचा स्क्रू फिरवून पाहिला. तो नुसताच गरगरला. लाकडातलं भोक झिजलं होतं, आणि तार ताणली की खुंटी जागची सरकत होती. तिनं स्क्रू काढला, काड्यापेटीतली काडी तासली, गोंदात बुडवून भोकात ठोसली आणि वरचं टोक मोडून टाकलं. आता रात्रभर वाळू द्यायचं.

“न बघता सापडलं कसं गं तुला?” आत्यानं विचारलं.

“ऐकू आलं,” लेक पुटपुटली.

आत्यानं उजवा कान पुढे केला. “काय? मोठ्यानं बोल.”

“ऐकू आलं मला.”

आत्यानं मान डोलावली, काढलेला स्क्रू आणि आपला बारीक स्क्रूड्रायव्हर तिच्या तळहातावर ठेवला, आणि बसची घाई करत निघाली.

जेवताना लेकीनं विचारलं, सरांना फोन केलास का. मी नाही म्हटलं.

“करू नकोस मग. उद्या स्क्रू बसवते, नंतर बघते.”

‘बघते’ म्हणजे ‘हो’ नव्हे, एवढं कळतं मला. पण ‘नाही’सुद्धा नव्हे. भोकातली ती काडी तेवढी धरून राहिली पाहिजे.