तिरोड्याचा टकल्या

माझ्या नवऱ्याची दारू सुटली त्याला पाच वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं मी तिरोड्याच्या एका माणसावर जळते आहे. सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. ह्याच्या टकलावर धरायला काहीच नाही.

हा माणूसही एकेकाळचा पिणाराच. दारू सोडलेल्यांच्या बैठकीत प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात. प्यावंसं वाटलं की पहिल्या घोटाआधी त्याला फोन करायचा, असा नियम. माझा नवरा फोन घेऊन फुलचूरच्या आमच्या घरामागे, पपईच्या झाडाखाली जातो आणि अर्ध्या तासाने हलका होऊन येतो. उदासीच्या गोळ्या हातावर ठेवणारी मी, दवाखान्यात नेणारी मी, आणि मनातलं सगळं त्या टकल्याला.

गेल्या उन्हाळ्यात कामठ्याला एक लग्न होतं. मांडवामागे मोहाची दारू चालली होती. नवरा तिकडे फिरकला नाही, पण दुपारी घरी आला तो गप्पच. मला वाटलं, आज ऐकायची पाळी माझी. तो हातपाय धूत होता तेवढ्यात मी त्याचा फोन तांदळाच्या पिंपात पुरला.

त्याने खिसे चाचपले, खाट झटकली, देव्हाराही पाहिला. मी चहा पुढे करून बसले.

"काय झालं, मले सांगा ना."

"काही नाई."

चहा न पिताच त्याने चपला घातल्या.

"तिरोड्याले जातो."

बसस्टँडच्या वाटेवर त्याचं जुनं दारूचं दुकान लागतं. मी धावत जाऊन फोन काढून दिला. तो एका शब्दानेही रागावला नाही. तिथेच, माझ्यासमोर, त्याने नंबर लावला.

"दादा, आज बहुत प्यावंसं वाटून राहिलं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी विचारायची, "घेतली का?" तो म्हणायचा, "नाई." आमचं दारूवरचं बोलणं एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

फोन ठेवल्यावर मी विचारलंच, "हे मले काऊन नाई सांगत?"

"तू रडते. मंग मले तुलेच समजवत बसा लागते."

मी रडत नाही, असं मी त्याला रडत रडतच सांगितलं.