मावशीसाठीचं मागणं

आमच्या मुलुंडच्या घरात संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चुकत नाही. टीव्ही बंद होतो, कुकर उतरतो आणि आम्ही सगळे सासूबाईंच्या खोलीत जमतो. प्रत्येकाने माळेचे दहा-दहा मणी म्हणायचे आणि त्याआधी आपलं मागणं मोठ्याने सांगायचं, ही पद्धत त्यांनीच घातलेली. त्यांचं मागणं ठरलेलं असे. वसईच्या धाकट्या बहिणीला बरं वाटू दे.

ती बहीण, आमची मावशी, गेली होती. सासूबाई बायपास होऊन घरी आल्या त्याच आठवड्यात. नवऱ्याने मला आणि तिसरीतल्या लेकीला स्वयंपाकघरात घेऊन बजावलं, "आईला आत्ता कळता कामा नये. सोसणार नाही तिला." मलाही पटलं. ऑफिसच्या नावाखाली आम्ही दोघं वसईला जाऊन माती देऊन आलो. मावशींचा आवाज बसलाय, फोनवर बोलता येत नाही, ही थाप माझी. ती झकास खपली.

आणि दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण कोण देतं? मीच. नेमकी तेव्हाच दहा आज्ञांमधली आठवी शिकवायला आली. खोटं बोलू नये, हे मी घसा फोडून शिकवलं. पहिल्या बाकावर माझीच लेक. नुसती बघत राहिली. मला असा राग आला तिचा! घरी येईपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंना थकवा होता. त्यांनी माळ नातीच्या हातात दिली. "आज माझे मणी तू म्हण गं. मावशीआजी बरी होऊ दे म्हणून माग."

लेकीने माळ मुठीत घट्ट धरली. नवरा खाकरला. मी डोळे वटारले.

"म्हण ना गं, बाळा."

"नाही आजी. देवाला माहितीये ना सगळं."

"काय माहितीये?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिने काहीच फोडलं नव्हतं. देवाशी खोटं बोलायला ती तयार नव्हती, एवढंच. पुढचं सांगणं माझ्यावर आलं. त्यांना काही झालं तर, या भीतीने मी आधी त्यांचा हात धरला.

"आई, मावशी गेल्या."

त्या ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "माती कोणी दिली?"

"आम्ही दोघांनी."

"आणि मी इथे ती बरी व्हावी म्हणून मागतेय."

"आई, तुझ्या जिवाला..." नवरा पुढे झाला.

"माझ्या जिवाचं काय घेऊन बसलास रे? माझ्या हातची मूठभर माती द्यायची राहिली ना तिला."

लेक आपलंच चुकलं असं वाटून हमसून हमसून रडायला लागली. सासूबाईंनी तिला कुशीत ओढलं.

"तू कशाला रडतेस? तू एकटीच माझ्याशी नीट वागलीस." पदराने त्यांनी आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "चल, आता म्हण. मावशीआजीला शांती दे म्हणून माग."

लेकीने स्पष्ट मागितलं आणि म्हणायला लागली. प्रत्येक मण्याला उत्तराची ओळ आम्ही मोठ्यांनी म्हणायची असते. माझ्या तोंडून शब्द फुटेना, नवऱ्याचीही मान खालीच. ती ओळ सासूबाई एकट्या म्हणत होत्या, फाटक्या आवाजात, शेवटच्या मण्यापर्यंत.